ब्रेकताई, बोचकं आणि भाड्याचं घर

ब्रेकताईला खरं नाव होतं, पण ते लायसन्सवर आणि विजेच्या बिलावर सोडलं तर फारसं कुठे वापरात नव्हतं. गाडी शिकवणं हा तिचा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून ती दिवसभर एकच शब्द म्हणायची, पण किती तऱ्हांनी! नवखी मुलगी घाबरली असेल तर "ब्रेक हं, ब्रेक," असं अंगाई म्हटल्यासारखं. एखादे साहेब फुशारकीत असतील तर नुसतं, "ब्रेक." आणि समोरून टेम्पो आला की असा काही "ब्रेऽऽक!" की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा पाय टेकून उभे राहायचे. तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता, शिकवण्याच्या गाडीत असतो तसा. पण तो ती सहसा दाबायची नाही. म्हणायची, "मी दाबला तर गाडी थांबेल. तुम्ही दाबला तर तुम्हाला गाडी येईल."

वय पन्नाशीला टेकलेलं, अंगाने आडवी, हसू मोठं. लग्नाचं म्हणाल तर ते जमता जमता राहिलं. एका मुलाने तिला बघायला आल्यावर मोठ्या ऐटीत गाडीतून फिरवून आणलं आणि घरी परतल्यावर "कसा वाटलो?" असं विचारलं. तिने सरळ मनाने सांगितलं, "क्लचवर पाय ठेवून चालवता. सवय मोडा, क्लच जळेल." ते स्थळ पुन्हा काही आलं नाही. पुढे तिनेही त्या भानगडीत लक्ष घातलं नाही.

घरात ती आणि तिचे वडील, नाना. नानांचा जन्म सिनेमाच्या यंत्रखोलीत गेला होता. थिएटरात सगळ्यांच्या डोक्यामागे, वरच्या त्या छोट्या खिडकीत बसून ते रिळं चढवायचे. आयुष्यभर मशिनच्या घरघरीत बसल्यामुळे ऐकू कमी यायचं, पण जेवढं येत नसे तेवढं ते स्वतः रचून घ्यायचे, आणि त्यांचं रचलेलं बऱ्याचदा खऱ्यापेक्षा बरं असायचं.

आणि तिसरं बोचकं.

बोचकं मिळालं त्याची गोष्ट अशी. एक शिकाऊ बाई होती, पोस्टात काम करणारी. महिना झाला तरी तिचा ब्रेक कधी वेळेवर लागला नव्हता. एकतर वीस पावलं आधी, नाहीतर भिंतीला टेकल्यावर. एके सकाळी रस्त्याच्या मधोमध चिंध्यांचं एक गाठोडं पडलेलं होतं. ब्रेकताई म्हणणार होती की बाजूने घ्या, चिंध्याच आहेत, एवढ्यात त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा असा सुरेख ब्रेक मारला की गाडी गाठोड्याच्या हातभर अलीकडे उभी राहिली. आणि गाठोडं हललं. आत पिल्लू होतं, मुठीएवढं, चिखलाने माखलेलं, डोळ्यांना चिपडं. पोस्टवाली बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. ब्रेकताईने पिल्लू चिंध्यांसकट उचललं, मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पास झालात तुम्ही. चला, आता डावीकडे इंडिकेटर द्या."

नाना म्हणाले, "हे काय बोचकं आणलंस?" तेच नाव पडलं. नाव पडलं तेव्हा ते शोभत होतं. पण बोचकं वाढायला लागलं ते थांबेचना. दोन वर्षांत त्याचं पार वासरू झालं. रंग कुठलाच धड नाही, एक कान उभा, एक पडका, आणि चेहऱ्यावर सदा असा भाव, की आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि आपण उत्तर द्यायचं विसरलो. स्वभाव म्हणाल तर लोण्याचा गोळा. मांजर दिसलं की नानांच्या मागे जाऊन उभं राहायचं.

असं तिघांचं बरं चाललेलं असताना एक दिवस घरमालक जिना चढून वर आले. माणूस सज्जन, हातात सफरचंदांची पिशवीच घेऊन आले, तेव्हाच ब्रेकताईला शंका आली. त्यांची मुलगी जुळ्यांना घेऊन परत राहायला येत होती. "तुम्हाला जा म्हणताना मला फार जड जातंय, ताई," ते म्हणाले. "शाळा सुरू व्हायच्या आत मुलांना इथे आणायचं आहे." 

ब्रेकताईने त्यांनाच धीर दिला, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून घर शोधायला सुरुवात केली.

ती शोधायला निघाली तेव्हा तिला वाटलं होतं, यात काय एवढं. अर्धं गाव आपल्याकडे गाडी शिकलंय. पण घर भाड्याने देणाऱ्या माणसाची एक वेगळीच जात असते हे तिला तेव्हा कळलं. "माणसं किती?" असं विचारलं की ती सांगायची, "मी, माझे वडील आणि कुत्रं." शेवटच्या शब्दाला समोरच्याचा हात दाराच्या कडीकडे जायचा.

एकाने विचारलं, "भुंकतं का?" 

"नाही हो, अगदी शांत आहे."

"मग कुत्रं ठेवून उपयोग काय?" असं म्हणून त्याने नाही म्हटलं. 

दुसऱ्या एका बाईंनी फोनवर मोठ्या प्रेमाने "लहान कुत्रं चालेल" म्हणून सांगितलं. बोचकं दारात उभं राहिल्यावर त्या आत गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. त्यांच्या यजमानांनी येऊन सांगितलं की त्यांचं डोकं दुखतंय. 

सगळ्यांवर कडी केली ती एका तरुण मालकाने. तो जिममध्ये शिकवणारा, कुत्र्यांचा वेडा. बोचक्याशी त्याने जमिनीवर लोळून खेळ केला, त्याचे दात पाहिले, पंजे पाहिले, फोटो काढले. मग कपडे झटकून उभा राहिला आणि नानांकडे बघत आवाज खाली आणून ब्रेकताईला म्हणाला, "कुत्र्याचं काही नाही, ताई. पण म्हातारं माणूस जरा... उद्या काही झालं तर, घर नवीन आहे."

नेमकं हे नानांना लख्ख ऐकू आलं. घरी येईपर्यंत ते हसत होते. नंतर आठवडाभर बोचक्याचं डोकं खाजवत त्याला सांगत होते, "बोचक्या, तुला जागा मिळाली रे. आमचंच जमत नाहीये. अधूनमधून येऊ दे हो तुझ्याकडे."

नानांचा सल्ला असा की कुत्र्याचं सांगायचंच नाही. आधी राहायला जायचं, मग बघू. ब्रेकताई म्हणाली, "नाना, ते काय खिशात घालून नेणार आहोत?" आणि तो विषय संपला. खोटं बोलून आत शिरायचं आणि मग रोज जिन्यावर चोरासारखं वावरायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

अशात दवाखान्याच्या मागे एक घर आवडलं. मालक-मालकीण दोघं शाळेत शिक्षक. त्यांनी बोचक्याला पाहिलं, जरा अंतर ठेवून का होईना पण पाहिलं, आणि म्हणाले, "आमची ना नाही. फक्त तुमच्या आत्ताच्या शेजाऱ्यांपैकी कोणाचा तरी नंबर द्या. एकदा बोलून घेतो."

ब्रेकताईने लगेच खालच्या, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काटेसाहेबांचा नंबर दिला.

काटेसाहेब म्हणजे वजनमापांच्या खात्यातले निवृत्त अधिकारी. दुकानादुकानांतून जाऊन तराजू, वजनकाटे तपासायचे, खोटा असेल तर जप्त करायचे. म्हणून काटेसाहेब. अर्थात ते नाव टिकलं याला त्यांचा स्वभावही तेवढाच कारण होता. माणूस नखशिखांत काटेरी. जिन्यात दिवा चालू राहिला की बोलणार, पेपर उशिरा आला की बोलणार, आला तर पेपरात जे लिहिलंय त्यावर बोलणार. बोचक्यावर तर त्यांचं तोंड सतत सुटलेलं. "काय हे जनावर! काय हा आकार!" तरी ब्रेकताईला त्यांच्याबद्दल आदर होता, कारण सगळ्या नोकरीत या माणसाने कधी दुकानदाराचा चहासुद्धा घेतला नव्हता. शिवाय ते स्वतःच म्हणाले होते, "कोणी विचारलं तर माझा नंबर द्या. मी खरं तेच सांगीन." आणि नानांचं म्हणणं, "सरकारी माणूस आहे. त्याच्या शब्दाला वजन असतं."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांचा फोन आला. बाई अवघडून बोलत होत्या. "आम्ही विचार केला... नाही जमणार हो. वाईट वाटून घेऊ नका."

तिने वाईट वाटून घेतलं नाही. मग एक घर मिळालं बाजाराच्या वरच्या अंगाला, एका छापखानेवाल्याचं. तोही हो म्हणाला, त्यालाही नंबर दिला, आणि त्याचाही दुसऱ्या दिवशी नकार. तेव्हा मात्र तिचं मन खट्टू झालं. लोक तोंडावर हो म्हणतात आणि रात्रीतून यांना काय होतं? आपल्याच चेहऱ्यात काही आहे का? ती एरवी गाडीत बसली की घरचं सगळं बाहेर ठेवून बसायची, पण त्या दिवशी एका शिकाऊ माणसाला ती विनाकारण फाडकन बोलली. तो बिचारा गोरामोरा झाला. तिने गाडी कडेला घ्यायला लावली, त्याची माफी मागितली आणि टपरीवर दोघांसाठी चहा सांगितला. तो म्हणाला, "ताई, माझं काही नाही. पण तुम्ही ओरडलात ना, तेव्हा पहिल्यांदा माझा गिअर बरोबर पडला." तिला हसू आलं, आणि त्या दिवसापुरतं तेवढं पुरलं.

त्याच माणसाने पुढच्या वेळी सांगितलं की त्याच्या ओळखीत एक रोपवाटिका आहे, तिथल्या बाईंकडे वरची जागा रिकामी आहे.

रोपवाटिका म्हणजे एका जुन्या दुमजली घराभोवतीचं सगळं अंगण रोपांनी भरलेलं. काळ्या पिशव्यांतली रोपं, कुंड्या, मातीचे ढीग, पाण्याचे पाइप. मालकीण साठीच्या, साडीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत मातीत. सगळे त्यांना रोपवाल्या काकू म्हणायचे. त्यांनी हात न धुताच ब्रेकताईला वर नेलं. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि तिन्हींच्या समोरून जाणारी लांबच लांब गॅलरी. स्वयंपाकघरात खिडकी ओट्याच्या बरोबर समोर. ब्रेकताईने नुसतं नळ सोडून पाहिला आणि तिथेच तिचा जीव त्या घरात अडकला. अडकू नये म्हणून ती मुद्दाम इकडे तिकडे बघत राहिली.

काकूंनी एकच विचारलं. "माती उकरतं का?"

ब्रेकताईने खरं ते सांगून टाकलं. "उकरतं. जमिनीत काहीतरी ठेवून विसरल्यासारखं उकरतं."

"हं," काकू म्हणाल्या. "खरं सांगितलंस ते बरं झालं. शेजाऱ्यांचा नंबर दे."

तिने काटेसाहेबांचाच नंबर दिला. पुढे काय होणार हे तिला पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आलाच. "जरा येऊन जातेस का? फोनवर नको." म्हणजे ही बाई चांगली आहे, नाही म्हणायलासुद्धा समोर बोलावते, असं मनाशी म्हणत ती गेली.

काकू एका उलट्या बादलीवर बसून पिशव्यांत माती भरत होत्या. तिला दुसरी बादली दाखवली. "बस. मला आधी सांग, हे तुझे काटेसाहेब तुझे कोण?"

"खालचे शेजारी."

"नात्यातले नाहीत?"

"नाही. का?"

"अगं, तासभर बोलत होते!" काकूंनी हातातली माती झटकली. "मी म्हटलं, कुत्रं कसं आहे? तर म्हणाले, फार वाईट. घेऊ नका. मी म्हटलं, बरं, काय करतं? तर म्हणाले, घोरतं. दुपारी एका तऱ्हेने घोरतं आणि संध्याकाळी दुसऱ्या तऱ्हेने. संध्याकाळी मध्येच शीळ वाजते. मी म्हटलं, आणखी? तर म्हणाले, दाराला नाक लावतं, काच रोज पुसावी लागते. पावात लोणी नसेल तर खात नाही, माझ्याकडे नुसतं बघत बसतं. फटाकडीचा आवाज झाला की माझ्या पलंगाखाली शिरतं आणि मग निघता निघत नाही, शेवटी मलाच खाली बसून त्याच्याशी बोलावं लागतं, गुडघे दुखतात. मला ताप आला तेव्हा दाराशी पडून राहिलं, दूधवाल्याला आत येऊ देईना, दूध जिन्यात ठेवावं लागलं. डावा कान पडका आहे, तिथे खाजवलं की पाय हलवतं, सतरंजी फाटते." काकू थांबल्या. "हे सगळं तक्रार म्हणून सांगत होते बरं का! आवाज असा करडा. मी मुद्दाम विचारत राहिले, ते सांगत राहिले. शेवटी म्हणाले, तेव्हा असं हे कुत्रं आहे, कोणीही घेऊ नये, ते जिथे आहे तिथेच बरं आहे."

ब्रेकताई बादलीवर पुढे सरकून बसली.

"आता मला सांग," काकू म्हणाल्या, "या माणसाला तुम्ही जायला नको आहात, हे तुझ्या लक्षात आलं नाही?"

नव्हतं आलं. आत्ता आलं, आणि त्याबरोबर शिक्षकांचा फोन आठवला, छापखानेवाल्याचा फोन आठवला. त्यांनी पहिलं वाक्य ऐकून घाबरून फोन ठेवला असणार. काकूंसारखं "आणखी?" म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

"घर तुझं," काकू म्हणाल्या. "पण आधी त्या माणसाकडे जाऊन ये."

ब्रेकताई तिथून निघाली ती धुसफुसतच. वाटेत लागलेला प्रत्येक सिग्नल तिला लाल मिळाला आणि प्रत्येक ठिकाणी ती काटेसाहेबांना काय काय सुनवायचं याची उजळणी करत राहिली. दोन महिने वणवण केली मी! पायाचे तुकडे पडले! आणि हे इथे बसून... जिना चढून तिने त्यांच्या दारावर थाप मारली. दार नुसतं लोटलेलं होतं, ते उघडलं.

आत काटेसाहेब खुर्चीत बसले होते, हातात चष्मा आणि पेपर, आणि त्यांच्या पायाशी सतरंजीवर बोचकं चारी पाय वर करून झोपलेलं. त्याच्या डोक्याखाली उशी होती. चांगली अभ्रा घातलेली, भरतकामाची उशी.

"नाना दुपारचे झोपतात," काटेसाहेब घाईने म्हणाले. "म्हणून ते... खाली येतं. मी बोलावत नाही."

"साहेब," ब्रेकताई म्हणाली. "रोपवाटिकेतून आले मी."

काटेसाहेबांनी पेपराची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली. "मी खोटं एक अक्षर बोललो नाही," ते म्हणाले. "त्यांना विचारा. प्रत्येक गोष्ट खरी आहे. कोणीही तपासून घ्यावी."

"पण नुसत्या एकाच पारड्यात टाकलंत ना सगळं!"

हे त्यांना लागलं. जन्मभर ज्याने दुसऱ्यांचे तराजू तपासले त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी बोचक्याकडे पाहिलं. बोचकं झोपेत पाय हलवत होतं. 

"चांगलं सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले, "तर त्यांनी तुम्हाला घर दिलं असतं."

ब्रेकताईची सगळी उजळणी वाया गेली. 

"ही गेल्यापासून," काटेसाहेब म्हणाले, म्हणजे त्यांची बायको, "माझं दार कोणी वाजवत नाही. पेपरवाला टाकून जातो, दूधवाला ठेवून जातो. हे एक आहे ते येऊन नाक घासतं. आता त्यात मी तुमच्याकडे काय मागणार होतो? कुत्रं मला देऊन जा म्हणू? ते काय मागण्यासारखं आहे?" आणि एकदम पूर्वीच्या आवाजात, "आणि मुळात त्याचं करणार कोण? मला झेपत नाही एवढं जनावर."

ब्रेकताई मोडक्या स्टुलावर बसली. तिला रागवायचं होतं, खरंच होतं, पण बोचक्याने त्याच वेळी घोरताना एक बारीकशी शीळ घातली आणि काटेसाहेबांनी घड्याळाकडे बघून म्हटलं, "बघा, अजून संध्याकाळ झालीसुद्धा नाही." मग मात्र ती जी हसत सुटली ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसत राहिली. काटेसाहेब आधी चपापले, मग त्यांच्याही मिशा हलल्या.

"साहेब, घर बसने तीन स्टॉपवर आहे," ती म्हणाली. "समोर लांब गॅलरी आहे. नानांना पत्त्याला जोडीदार नाही. आणि दार वाजवायचं असेल तर तुम्हीही वाजवू शकता, कधीतरी."

काटेसाहेबांनी चष्मा चढवला. "बस किती वेळाने असते?" 

तो माणूस तिथेच थांबला असता तर ते काटेसाहेब कसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिक्षकांना आणि छापखानेवाल्याला आपणहून फोन केले आणि खात्याच्या भाषेत सांगितलं की आपण पूर्वी दिलेली माहिती सत्य असली तरी अपुरी होती. मग उरलेली माहिती दिली. परिणाम असा झाला की संध्याकाळपर्यंत दोघांचेही ब्रेकताईला फोन आले, घर अजून रिकामं आहे, कुत्र्याला घेऊन कधी येताय. 

नानांना तर पर्वणीच. "द्या इकडे," म्हणून त्यांनी फोन घेतला आणि छापखानेवाल्याला ऐटीत सांगितलं, "आम्ही विचार केला. नाही जमणार हो. वाईट वाटून घेऊ नका." फोन ठेवून लेकीला म्हणाले, "एवढ्या जणांनी नाही म्हटलं, निदान एकाला तरी आपणही म्हणून घेतलं. बरं वाटतं गं!"

सामान हलवायच्या दिवशी हे सगळे मिळून रोपवाटिकेच्या फाटकात उतरले: ब्रेकताई, टेम्पोत पुढे बसलेले नाना, सामानाची नीट मांडणी होत नाही म्हणून कुरकुरत आलेले काटेसाहेब, आणि त्या पोस्टवाल्या बाई, ज्या आता स्वतःची गाडी चालवत हौसेने मदतीला आल्या होत्या. बोचकं उतरलं, अंगणभर हुंगून आलं, काकूंनी त्याच्यासाठी कोपऱ्यात मुद्दाम राखून ठेवलेला मातीचा ढीग त्याने उकरून पाहिला, पसंत आहे असं सगळ्यांना शेपटीने सांगितलं, आणि लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन जे थांबलं ते थांबलंच.

जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या. खालचं सगळं दिसायचं. बोचक्याने एक पाय ठेवला, खाली पाहिलं, पाय काढून घेतला आणि मागे जाऊन बसलं. 

बिस्किटं दाखवून झाली. दोरी ओढून झाली. पोस्टवाल्या बाईंनी स्वतः चार पायऱ्या गुडघ्यांवर रांगत जाऊन "हे बघ, असं, असं!" करून दाखवलं. ब्रेकताईने धंद्यातला सगळा अनुभव पणाला लावला. "घाबरायचं नाही हं, समोर बघायचं, खाली नाही," असं ती त्याला समजावत राहिली. बोचकं तिचा हात चाटत राहिलं. नाना वरून ओरडले, "घर मिळालं आणि भाडेकरू चढेना!" काकूंनी मातीची रिकामी पोती आणून प्रत्येक पायरीवर अंथरली. त्याने ती हुंगली. चढलं नाही. चौघांनी मिळून उचलायचं ठरलं तेव्हा ते असं काही सैल पडलं की ओल्या गादीसारखं सगळीकडून निसटून पुन्हा जमिनीवर. सगळ्यांना हसूनच दम लागला.

शेवटी काकू म्हणाल्या, "राहू द्या त्याला. आधी खाऊन घ्या." सगळे अंगणात बादल्या उलट्या टाकून पाव आणि उकडलेली अंडी खायला बसले. काटेसाहेब तेवढे बसले नाहीत. वरच्या न्हाणीघरात नळ गळतोय, हे तुम्हाला कोणाला ऐकू कसं येत नाही, असं म्हणत ते पाना घेऊन तरातरा वर निघून गेले. बराच वेळ वरून त्यांचं एकट्याचं बडबडणं ऐकू येत होतं. वायसर कसला लावलाय, कोणी लावलाय, अक्कल कुठे ठेवली होती. 

मग काकू म्हणाल्या, "आता ते कोणाशी बोलतायत?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. जिन्याच्या पायथ्याशी बोचकं नव्हतं. 

ब्रेकताई धावत वर गेली. न्हाणीघराच्या दारात काटेसाहेब फरशीवर बसले होते, पॅन्टचा पाय भिजलेला, आणि बोचकं त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून नळाकडे अत्यंत गंभीरपणे बघत होतं. 

"हे कसं आलं?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?" काटेसाहेब म्हणाले. "मी काम करतोय. याला आवरा, पाना धरू देत नाही."

पण तिला दिसलं की त्यांनी पाना उजव्या हातातून डाव्या हातात घेतला होता, आणि उजवा हात त्या पडक्या कानामागे चालला होता.

दिवस मावळेपर्यंत कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून नानांचं आणि काटेसाहेबांचं दोनदा वाजलं, दोनदा मिटलं. पोस्टवाल्या बाई निघाल्या, टेम्पोवाला निघाला. काकूंनी पाइप लावून सगळ्या रोपांना पाणी घातलं आणि ओल्या मातीचा वास वरच्या खोल्यांत भरला. नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसले, खालच्या काकूंना थिएटरात एकदा रीळ उलटं कसं चढलं होतं ते सांगत. काकूही वर मान करून ऐकत होत्या. बोचकं नानांच्या चपलेवर डोकं टाकून पडलं होतं.

ब्रेकताईने काटेसाहेबांना गाडीने घरी सोडलं. वाटभर ते तिच्या गाडी चालवण्यातल्या चुका सांगत होते, त्यातली एक खरीही निघाली. उतरताना म्हणाले, "मंगळवारी येईन. नळ पुन्हा बघावा लागेल." 

"सोमवारी या," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत कशाला थांबता?"

ते "बघू" म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यांच्या खोलीत दिवा लागला. त्याच्या वरची खिडकी, जी इतकी वर्षं तिची होती, अंधारी होती. तिथे थांबून बघितलं तर वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तिने थांबून पाहिलं. पण तिला तर सडकून भूक लागली होती, कारण अंगणात खायला बसल्यावर अर्धा पाव हातात असतानाच ती वर धावली होती आणि मग खायचं राहूनच गेलं होतं. तिने गाडी वळवली आणि घरी निघाली.